गणिताच्या बाई गाव पाहायला येतात

तेलंगणातल्या आमच्या सावरखेड्याच्या हायस्कूलमध्ये गणिताची खुर्ची आहे, लाकडी कर्कटक आहे, फळ्यावर वर्तुळ काढायला सुतळीही आहे. नव्हता तो फक्त गणिताचा माणूस. मी नववीत असताना एक सर आले होते. त्यांनी शाळा पाहिली, पैनगंगा पाहिली, परतीची बस कधी आहे ते विचारलं, आणि ती उद्या सकाळी आहे हे कळल्यावर त्यांचा चेहरा असा उतरला की आम्हालाच त्यांची दया आली. सकाळच्या त्या बसमध्ये ते बसले ते बसलेच. त्यांच्यानंतरचे सर नदीपलीकडचे, महाराष्ट्रातले. शिकवायचे झकास. पण ते या जिल्ह्यातले नाहीत, म्हणून त्यांना कायम नेमता येत नाही, असं वरून कळलं. नदीच्या अलीकडे जन्माला यायला त्यांना काय झालं होतं कोण जाणे!

मराठीतून गणित शिकलेला, बीएड झालेला, सरकारी परीक्षा पास झालेला आणि वर आपल्याच आदिलाबाद जिल्ह्यातला माणूस मिळवणं म्हणजे काही खायचं काम नाही. तोवर गणिताचा गाडा आमचे हेडमास्तर नागोराव सर ओढायचे. सर मराठीचे. ते प्रमेय चालीवर म्हणायचे, आणि फार गोड म्हणायचे. सिद्धता आली की त्यांचे डोळे आपोआप मिटायचे. उत्तर मात्र गाइडमधल्या उत्तराशी जुळायचं नाही. मग सर म्हणायचे, "भाव समजला ना? मग झालं."

तेलुगूच्या राजकुमार सरांनीही हात लावून पाहिला. हे सर बेल्लमपल्लीचे, कोळसा खाणीच्या क्वार्टरमध्ये वाढलेले, मनाने एकदम दिलदार. मराठी त्यांना कळायची, पण बोलताना हिंदी यायची. "चंदाम्मा, ये एक्स के साथ जो तीन है, उसको उधर भेजो. उधर गया तो प्लस का मायनस!"

मी विचारलं, "काऊन, सर?"

"काऊन-बिऊन कुछ नै. रूल है."

हे 'काऊन' वर्षभर माझ्या डोक्यात ठाण मांडून बसलं होतं. मी जरा तापट आहे, असं घरी म्हणतात. जरा नाही, चांगलीच आहे. कुणी 'रूल है' म्हणालं की माझं टाळकं सटकतं.

दसऱ्याच्या आधी मंडलाच्या, म्हणजे तालुक्यासारख्या, गावाहून एक साहेब येऊन सांगून गेले. या भरतीतही गणिताला कुणी मिळालं नाही, तर सावरखेड्याची दहावी उचलून मंडलाच्या शाळेत नेणार. मुलगे म्हणाले, सायकलवर जाऊ. मुलींना कुणी विचारलंच नाही, कारण त्यांचं घरोघरी लगेच ठरून गेलं. आमच्या घरी आबांनी, म्हणजे माझे आजोबा पांडुरंगराव यांनी, तंबाखू मळत जाहीर केलं, "नदीपलीकडचे पाहुणे कवापासून इचारून राह्यले. पाहून त जाऊ दे पोरगीले. लग्न का आजच लावून राह्यलो?"

बाबा फक्त बैलांशी बोलतात. आई, देवकाबाई तिचं नाव, बाजारातून मोरांचा पडदा घेऊन आली. तो कोणत्या पाहुण्यांसाठी आहे हे मला कळलं आणि मी त्या दिवशी जेवले नाही. आई माझ्याजवळ बसली. म्हणाली, "मास्तर आला त शिक माय. नाही आला त मी काय करू? तूच सांग." माझी दहावी एका न आलेल्या माणसावर अडकली होती, आणि त्या माणसाचं नावसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

मग ते नाव आलं. प्रीती. नागोराव सर चष्मा कपाळावर ठेवून, चष्मा कुठे आहे म्हणून शोधत शोधत वर्गात शिरले आणि म्हणाले, "पोरांनो, आहे! मराठी माध्यमाचं गणित, आपल्याच जिल्ह्यातलं, अख्ख्या यादीत एकच आहे, पण आहे!"

अडचण एवढीच की जागा दोन होत्या. एक आमची आणि एक निंबगावची. निंबगाव डांबरी रस्त्यावर आहे, तिथे तासातासाला बस आहे, आणि हॉटेलात डोसा मिळतो. मंगळवारी आदिलाबादला काउन्सेलिंग होतं, तिथे त्या बाई दोनपैकी एक गाव निवडणार होत्या. त्याआधी शनिवारी त्या दोन्ही शाळा स्वतः पाहणार होत्या. सकाळी आमची, मग निंबगावची.

त्या संध्याकाळी पिंपळाच्या पारावर सगळं गाव जमलं. नागोराव सर म्हणाले, "बाई शाळा पाहायला येत आहेत. आपण त्यांना शाळा दाखवायची. एवढंच."

"एवढंच कसं?" आबा उसळले. "कोणी पाहाले येऊन राह्यलं म्हंजे थो पाहण्याचाच कार्यक्रम असते मास्तर. आपली बाजू पोरीची हाय. निंबगावची पोरगी दिसाले बरी, पैसेवाली. मंग आपण पाहुणचारात मागं पडाचं का?"

झालं! तिथून पुढे गावाला आवरणं नागोराव सरांच्या हातात राहिलं नाही. पोरगी पाहायला लोक आले की काय करायचं, हे आमच्या गावाला झोपेतही येतं, आणि दुसरं काही येत नाही. प्रवीण मंडपवाल्याने लाल खुर्च्या, पंखा आणि जनरेटर कबूल केला. नागोराव सरांच्या घरच्या रुक्माबाईंनी पोह्यांचं पत्करलं. आईने मोरांचा पडदा काढला आणि दहावीच्या खिडकीला लावायला दिला. तो पडदा माझ्या घरातून गेला याचाच मला एवढा आनंद झाला की मी तो स्वतः नेऊन लावला.

नेटवर्कचंही ठरलं. आमच्या गावात फोन फक्त पाण्याच्या टाकीच्या शिडीवर लागतो. तिसऱ्या पायरीवर चढलं तर. तेव्हा राजकुमार सरांनी शिडीला पाठ लावून खालीच उभं राहायचं, आणि बाई जवळ आल्या की खणखणीत आवाजात "हॅलो हैदराबाद" म्हणायचं, असं ठरलं. सर म्हणाले, "हैदराबाद में मेरा कोई नै है." त्यांचं कुणी ऐकलं नाही.

शेवटी आईने मुद्दा काढला. "पोट्टे?"

पाहण्याच्या दिवशी घरातली लहान मुलं शेजारी पाठवायची, हा आमच्याकडचा रिवाज आहे. मुलं पोह्यांवर तुटून पडतात हे एक. खरी भीती निराळी, मुलं खरं बोलतात. माझ्या थोरल्या बहिणीला, भाग्यलक्ष्मीला पाहायला आले होते, तेव्हा आमचा धाकटा भाऊ पंढरी चार वर्षांचा होता आणि आई त्याला शेजारी पाठवायला विसरली. नवऱ्या मुलाचा काका सहज म्हणाला, "काय रे, ताई आवडते का?" पंढरी म्हणाला, "आवडते. पण घोरते." सोयरीक मोडता मोडता राहिली. भाऊजी अजून त्यावरून ताईला चिडवतात.

"सगळे पोट्टे मोतीरामच्या वावरात," आबांनी निकाल दिला. "नाल्याजवळ. एक बी गावात दिसता कामा नये."

नागोराव सर तोंड उघडून उभे राहिले. "अहो, पण शाळा म्हणजे..."

"मास्तर, तुमी कवितेचं पाहा."

मी आबांना म्हटलं, "ज्यायच्यासाठी बाई येऊन राह्यल्या, त्यायलेच लपवता?" आबा म्हणाले, "नवरी का दारात उभी राह्यते का? बलावलं की येते." आणि सगळ्यांत मोठी म्हणून पोरांना सांभाळायचं काम माझ्याच गळ्यात पडलं.

शनिवारी सकाळी अख्खी शाळा मोतीरामकाकांच्या कपाशीत बसली होती. कपाशी माझ्या खांद्याएवढी, बोंडं फुटलेली. काकांनी बजावलं होतं की कापसाला हात लावायचा नाही. थोड्याच वेळात निम्म्या पोरांच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. बाजूलाच नाला, आणि नाल्यातूनच गावाची वाट. मोटारसायकल आली तेव्हा मी सगळ्यांना खाली दाबलं. पानांमधून मला निळा ड्रेस, पाठीवरची सॅक आणि उन्हाने लाल झालेला चेहरा दिसला. गाडी चालवणारा तिचा भाऊ असावा, कारण ती त्याच्यावर सारखी ओरडत होती. ती माझी दहावी होती आणि ती माझ्या समोरून गेली, आणि मी कपाशीत लपून बसले होते.

गावात काय झालं ते मला नंतर सगळ्यांनी आपापल्या परीने सांगितलं. बाई उतरल्या तशी रुक्माबाईंनी ओवाळलं. नागोराव सरांनी "जय भीम" केला, बाईंनीही हसून "जय भीम, सर" म्हटलं, आणि तिथवर सगळं छान होतं. टाकीजवळ राजकुमार सर फोन उलटा धरून "हॅलो हैदराबाद" म्हणाले. दहावीच्या वर्गात मोर डोलत होते, पंखा गरगरत होता, जनरेटर इतका धडधडत होता की कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नव्हतं. आईने पोह्यांची बशी पुढे केली. बाईंनी एक घास खाल्ला, धुऊन पुसून ठेवलेल्या रिकाम्या बाकांकडे पाहिलं आणि विचारलं, "मुलं कुठं आहेत?"

"गेले ना, लग्नाले," आबा म्हणाले.

"सहलीला," त्याच क्षणी नागोराव सर म्हणाले. सरांना खोटं बोलायची सवय नाही, म्हणून त्यांचे डोळे प्रमेयाच्या वेळेसारखे मिटले होते.

"सबको बुखार है," राजकुमार सर म्हणाले.

बाईंनी बशी खाली ठेवली. "सर, मी एवढी लांबून आले. जिथं मुलं नसतात तिथली जागा वर्षभरात जाते, आणि मग माझी बदली कुठं होईल ते मला तरी माहीत आहे का? मुलं नाहीत, तर नाहीत म्हणायचं होतं. हर्षदीप, चल, निंबगावला जाऊ." आबा पडद्यावरचे मोर दाखवत मागे धावले, पण जनरेटरच्या आवाजात कुणाला काही ऐकू आलं नाही.

आम्ही कपाशीतून पाहिलं तर गाडी परत येत होती. इतक्या लवकर! नकार देणारे पाहुणेसुद्धा चहा होईपर्यंत बसतात. क्षणभर वाटलं, बसावं गप्प, आबांनी सांगितलं तसं. आणि मग मला खरोखर राग आला. आबांचा आला, पडद्याचा आला, आणि आयुष्यभर 'बलावलं की ये' ऐकायचं याचा तर फारच आला. मी उभी राहिले आणि ओरडले, "थांबा जी!"

माझ्याबरोबर सगळेच उठले. कपाशीतून एकदम एवढी डोकी वर आलेली पाहून हर्षदीपदादांनी ब्रेक दाबला आणि गाडी, सॅक, बहीण, भाऊ असे सगळे नाल्यात आडवे झाले. पाणी घोट्याएवढंच होतं. बाई चिखलात बसल्या बसल्या आमच्याकडे बघत राहिल्या. कापसाच्या मिशा, केसांत कापूस, आणि कपाशीतून अजून डोकी निघतच होती.

"तुम्ही कोण?" त्यांनी विचारलं.

"शाळा," मी म्हटलं.

"तुम्ही लग्नाला गेला होतात ना?"

"नाही जी, आमाले लपोलं!" पंढरी म्हणाला, आणि मग धरणच फुटलं. सगळे एकदम बोलायला लागले. पंखा प्रवीणचा आहे, जनरेटर भाड्याचा आहे. फोन तिसऱ्या पायरीवरच लागतो. हैदराबादमध्ये राजकुमार सरांचं कुणीच नाही. पावसाळ्यात हा नाला चढला की गाव दोन दोन दिवस बंद. पहिले सर बसमध्ये बसले ते बसलेच. नागोराव सर गणित गातात. पडदा चंदाताईला पाहायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी आणला होता. आबांना ज्या ज्या गोष्टींची भीती होती त्या सगळ्या, आणि वर दोन-चार आबांना ठाऊक नसलेल्याही.

मी डोळे मिटून घेतले. संपलं, असं वाटलं. डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आलं की मला जास्तच राग येतो. मी म्हटलं, "जा तुमी निंबगावले. पण जायच्या आंधी येवढं सांगून जा. तीन त्या बाजूले गेला की प्लसचा मायनस काऊन होते? सालभरापासून इचारून राह्यली मी. कोणीच सांगत नाही."

बाई उठल्या. ओढणी पिळली. माझ्याकडे नीट पाहिलं. मग त्यांनी दोन्ही हात फैलावले आणि म्हणाल्या, "मी तराजू. बोला, काय ठेवता माझ्यात?"

पोरांनी नाल्यातले सारखे दगड आणले. बाईंनी पाठ करून पंढरीच्या कापडी पिशवीत काही दगड भरले, किती ते दाखवलं नाही, आणि ती पिशवी डाव्या हाताला अडकवली. सोबत त्याच हातावर तीन दगड. उजव्या हातावर पोरांकडून दहा दगड रचून घेतले. "तोल बरोबर आहे. पिशवीत किती ते शोधायचंय. काय करशील?"

"डावीकडचे तीन काढीन," मी म्हटलं आणि काढले.

बाई उजवीकडे अशा काही कलंडल्या की पोरं किंचाळली. "पडले ना गं मी! पडले!"

"मंग... उजवीकडचे बी तीन काढीन!"

मी तीन दगड उचलले, आणि बाई डुलत डुलत सरळ झाल्या. "आता सांग. तीन नाल्यापलीकडे गेला का? त्याचं चिन्ह बदललं का?"

"नाही जी," मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच वेगळा वाटला. "तीन कुठीच गेला नाही. आपण दोहीकडून काढला."

"पिशवीत किती?"

"सात!" अख्खी शाळा ओरडली. पिशवी पालथी केली, मोजले, सात होते. मी नाल्यात उडी मारली. काय सांगू, मला इतका आनंद झाला होता की पाणी उडवण्याखेरीज दुसरं काही सुचेना. वर्षभर अडकलेली गोष्ट इतकी सोपी होती आणि ती मला कळली होती. मी नाचले, माझ्याबरोबर सगळे नाचले, हर्षदीपदादाही नाचले, त्यांची गाडी नाल्यात पडलेलीच होती.

तेवढ्यात गाव धावत आलं. पुढे आबा, मागे पोह्यांची बशी घेऊन आई, सगळ्यांत शेवटी शिट्टी वाजवत नागोराव सर. आबांनी पोरांना पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "सांगतलं ना पोट्ट्यायनं सगळं?"

"सगळं," बाई म्हणाल्या. "पण यांना लपवलं कशाला, आबा?"

आईने रिवाज सांगितला. घोरण्याची गोष्टही सांगितली. बाई ऐकत होत्या, ऐकता ऐकता त्यांना हसू फुटलं, आणि मग त्या हसू आवरेना म्हणून दगडावरच बसल्या. "आमच्या घरीही असंच! मला पाहायला आले की आई भाच्यांना शेजारी पिटाळते. मी रागीट आहे हे ते सांगतील म्हणून."

"तुमी रागीट हाय?" पंढरीने विचारलं.

"फार."

"मंग आमच्या चंदाताईसारख्या."

बाईंनी आईच्या हातातली बशी घेतली आणि उभ्यानेच पोहे खायला सुरुवात केली. दोन घास झाल्यावर पोरांकडे वळून म्हणाल्या, "पाहण्याच्या कार्यक्रमात दुसऱ्या बाजूलाही विचारायचं असतं. मला कुणी कधी विचारलं नाही, पण मी विचारते. मी पसंत आहे का?"

जो गलका झाला तो निंबगावपर्यंत गेला असेल.

मंगळवारी नागोराव सर आदिलाबादला गेले आणि राजकुमार सर सकाळपासून टाकीच्या तिसऱ्या पायरीवर, या वेळी खरोखर चढलेले. खाली सगळं गाव वर बघत उभं. फोन वाजला. सर म्हणाले, "हॅलो," आणि मग शिडीवरूनच तेलुगूत असं काही ओरडले की शब्द न कळताही सगळ्यांना कळलं. आबांनी मला उचलायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

प्रीती बाईंनी आमच्या शेजारच्या दोन खोल्या घेतल्या. त्या रागीट आहेत हे पहिल्याच आठवड्यात वर्गाला पटलं. पण 'काऊन' विचारलं की कधी रागावत नाहीत. मोरांचा पडदा दहावीच्या खिडकीलाच राहिला. आबांनी एकदा तो परत मागितला. आई म्हणाली, "शाळेले देलेलं वापस आणतेत का?"

नदीपलीकडचे पाहुणे मात्र दिवाळीनंतर आलेच. आबांनी शब्द दिला होता, तो त्यांना परत घेता येईना. मी आतल्या खोलीत साडी नेसून बसले होते. आईने पोहे केले. मग दार उघडून तिने पंढरीला हाक मारली. मला वाटलं, आता शेजारी पाठवणार. तिने त्याला धरून आणलं आणि थेट पाहुण्यांच्या मधोमध बसवलं, हातात बशी दिली आणि म्हणाली, "बस बाबू. पाहुणे इचारतीन थे सांग."

आबांनी पंढरीला खुणा करायला सुरुवात केली.

मुलाच्या काकाने विचारलं, "काय रे, ताई घरी काय काय काम करते?"

"काईच नाही," पंढरी पोहे चावत म्हणाला. "गणित करते. भाकर जाळते. झोपेत बी आकडे म्हणते. आन् येक दगड फेकून मारला होता मले. मोठी झाली की गणिताची बाई होतो म्हणते, आन् निंबगावले नाही जात, इथंच राह्यतो म्हणते."

पाहुण्यांनी पोहे संपवले नाहीत. निघताना त्यांच्यातली एक म्हातारी आईला जरा लागेल असं म्हणाली, "पोट्ट्याले शेजारी पाठवाचं व्हतं ना, बाई."

"शेजारी आता गणिताच्या बाई राह्यतेत जी," आई म्हणाली.

ती आत आली. माझ्या डोळ्यांतलं पाणी तिने पदराने पुसलं, पाहुण्यांच्या न खाल्लेल्या पोह्यांची बशी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "खा लवकर. साडी सोड. तुया वर्ग हाय ना?"